फुकट वाटलेल्या मालावर उभा राहिलेला धंदा

अत्तराचा व्यापारी गिऱ्हाइकाला फाया देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. फाया आवडला की गिऱ्हाईक कुपी घेईल, हा त्याचा हिशेब असतो. परंतु एखाद्याने कुपीच फुकट वाटायला काढली आणि वर लिहून दिले की, "यातील नुस्खाही घ्या, तुम्हीही बनवा, वाटल्यास विका," तर बाजार त्याला वेड्यात काढील. संगणकाच्या क्षेत्रात मात्र याच रीतीने चालणारे धंदे आहेत आणि त्यांतील काही उत्तम चालतात. त्यांना गाळा लागत नाही, पागडी लागत नाही, आणि कामगार एका गावात असावे लागत नाहीत. आमच्या कारागीर बंधूंची मुले आता संगणक शिकून बाहेर पडत आहेत. त्यांनी नोकरीच शोधावी असे नाही. म्हणून या धंद्याची घडण एका खऱ्या उदाहरणावरून आपण समजून घेऊ.

आधी मालाची ओळख. इंटरनेटवर संकेतस्थळ उभारण्यासाठी वर्डप्रेस नावाची प्रणाली २००३ पासून फुकट मिळते. आज जगातील शंभरातील चाळीसहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. शिलाई यंत्राला निरनिराळे जोड बसवले की तेच यंत्र काज करते, पिको करते. तसे या प्रणालीला जे जोड बसवतात त्यांना प्लगिन म्हणतात. कुणी चौकशीचा अर्ज जोडतो, कुणी छायाचित्रांचे दालन, कुणी पूर्ण दुकान. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत असे ६० हजारांच्या आसपास प्लगिन फुकट ठेवलेले आहेत. तेथे माल ठेवायचा तर त्याला जीपीएल किंवा त्याच्याशी जुळणारा परवाना लागतो. म्हणजे घेणाऱ्याला तो वापरण्याचा, बदलण्याचा आणि पुढे देण्याचा हक्क राहतो. शिवाय अर्धा माल कुलूप लावून ठेवायचा आणि पैसे दिले की उघडायचा, असा प्रकारही त्या यादीत चालत नाही.

आता उदाहरण. दक्षिण आफ्रिकेचे आदी पिनार व मार्क फॉरेस्टर आणि नॉर्वेचे मॅग्नस येप्सेन या तिघांची ओळख इंटरनेटवरच झाली आणि २००८ मध्ये त्यांनी वू-थीम्स ही पेढी सुरू केली. सुरुवातीस ते संकेतस्थळांचे तयार साज विकत. गिऱ्हाइकांना केवळ साज नको होता, त्यांना माल विकायचा होता. त्या वेळी इंग्लंडमधील जिगोवॉट या पेढीचे जिगोशॉप नावाचे दुकानाचे प्लगिन होते. वू-थीम्सने ते घडवणाऱ्या माइक जॉली आणि जेम्स कोस्टर या दोन कारागिरांना आपल्याकडे कामास घेतले, जिगोशॉपच्या खुल्या परवान्याचा आधार घेऊन त्याची वेगळी आवृत्ती काढली आणि सप्टेंबर २०११ मध्ये ती वू-कॉमर्स या नावाने फुकट वाटायला सुरुवात केली.

हे योग्य झाले का, यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. परवान्याच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नव्हते. आम्हाला यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नुस्खा जगजाहीर होता, त्यामुळे मूळ मालकाकडे राहिले ते फक्त नाव. कसब ज्या दोघांच्या हातात होते ते उठून गेले आणि जिगोशॉप मागे पडले. ज्या धंद्यात माल झाकून ठेवता येत नाही, तेथे उस्ताद कारागीर हेच भांडवल. त्याला पगाराबरोबर धंद्यात हिस्सा देणे हा उपकार नव्हे.

मग कमाई कोठून? दुकान फुकट, पण त्यावरचे खास जोड विकत. महिन्याच्या महिन्याला वर्गणी वसूल करायची असेल, वेळ आगाऊ राखून द्यायची असेल, एखाद्या विशिष्ट बँकसेवेतून पैसे घ्यायचे असतील, तर त्यासाठी निराळा जोड घ्यावा लागे आणि त्याला दाम पडे. ज्याचा धंदा लहान त्याला फुकटातच भागत असे. ज्याचा धंदा वाढला त्यालाच गरज पडे आणि त्याच्याकडे तोवर द्यायला पैसेही आलेले असत. फुकट घेणाऱ्या हजारोंना फुकटे म्हणून हिणवण्याचे कारण नाही. दोष तेच कळवतात, आपापल्या भाषेत भाषांतर तेच करतात, आणि शेजारच्या दुकानदाराला नाव तेच सांगतात. जाहिरातीचा खर्च त्यांच्यामुळे वाचतो.

येथवर सर्व गोड आहे. ठेच लागते ती दाम ठरवताना, आणि या ठिकाणी वाचकांनी पेन्सिल हातात घ्यावी.

समजा, आपण एक जोड २,००० रुपयांना विकला आणि सांगितले की एकदा पैसे द्या, मदत व दुरुस्ती कायमची. वर्षाला शंभर नवी गिऱ्हाइके आली. प्रत्येक जण वर्षातून तीन वेळा काही ना काही विचारतो असे धरू. पहिल्या वर्षी उत्पन्न दोन लाख, प्रश्न तीनशे. दुसऱ्या वर्षी उत्पन्न पुन्हा दोन लाख, प्रश्न सहाशे. तिसऱ्या वर्षीही उत्पन्न दोनच लाख, प्रश्न मात्र नऊशे. म्हणजे विक्री टिकून असतानाही धंदा दरवर्षी बुडत चालला आहे आणि रोजमेळात ते दिसत नाही, कारण गल्ल्यात रक्कम तर तेवढीच पडते आहे. आता तोच जोड वर्षाच्या बोलीने विका. निम्मी गिऱ्हाइके दरवर्षी गळाली असे धरले तरी तिसऱ्या वर्षी नवी शंभर, मागील वर्षाची पन्नास आणि त्याआधीची पंचवीस, मिळून पावणेदोनशे पैसे भरतात. उत्पन्न साडेतीन लाख, प्रश्न सव्वापाचशे. पहिल्या रीतीत एका प्रश्नामागे सव्वादोनशे रुपयेही पडत नाहीत, दुसऱ्या रीतीत साडेसहाशेहून अधिक पडतात.

कारण असे की, प्लगिन हा एकदा घडवून दिलेला पितळी हंडा नव्हे. वर्डप्रेसच्या वर्षातून दोन-तीन मोठ्या आवृत्त्या निघतात आणि प्रत्येक वेळी आपला जोड नीट बसतो का हे तपासावे लागते. त्यात चोराला शिरता येईल अशी फट सापडली तर ती त्याच दिवशी बुजवावी लागते, नाहीतर हजारो दुकानांचे गल्ले उघडे पडतात. गिऱ्हाईक पैसे देते ते या राखणीचे.

वू-थीम्सलाही हे उशिरा कळले. त्यांनी जोड कायमच्या बोलीवर विकले होते. गिऱ्हाइके वाढली, मदतीचा बोजा वाढला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केले की यापुढे मदत व नव्या आवृत्त्या एका वर्षापुरत्या, पुढे नूतनीकरण. ही अट जुन्या गिऱ्हाइकांनाही लावण्याचा विचार होता. मोठी ओरड झाली. थोड्याच अवधीत त्यांना माघार घ्यावी लागली आणि जुन्यांना जुन्या बोलीप्रमाणेच सेवा देण्याचे मान्य करावे लागले. आमच्या मते ओरड करणारे बरोबर होते. वार्षिक बोली रास्तच आहे, पण ती सौद्याच्या आधी सांगायची असते. पैसे घेऊन झाल्यावर शब्द फिरवणे कोणत्याही बाजारात शोभत नाही. ज्यांना हा धंदा सुरू करायचा आहे त्यांनी "आयुष्यभर" हा शब्द पहिल्या दिवसापासूनच आपल्या दरपत्रकात येऊ देऊ नये. सुरुवातीस रोख हवी म्हणून मोह होतो, आणि ती पुढे फेडायची उधारी ठरते.

त्या माघारीने पेढी मोडली नाही. मे २०१५ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने ती विकत घेतली, तेव्हा १६ देशांत विखुरलेली ५५ माणसे तिच्यात काम करीत होती. आज वू-कॉमर्स पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर चालते.

विखुरलेली माणसे एका सुतात कशी राहतात, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. कारखान्यात उस्तादाची नजर असते, येथे नजर कोठून आणणार? याचे उत्तर लिखाणात आहे. कोणते काम कुणी घेतले, का बदलले, गिऱ्हाइकाला काय कबूल केले, हे सर्व जिथल्या तिथे लिहिले जाते आणि सर्वांना वाचता येते. दूरध्वनीवर ठरलेली गोष्ट न लिहिली तर ती ठरलीच नाही असे मानतात. तासांचे अंतरही उपयोगी पडते. भारतातला माणूस निजतो तेव्हा अमेरिकेतला प्रश्नांना उत्तरे देतो. माणूस निवडतानाही प्रमाणपत्रापेक्षा हातचे काम पाहतात. ऑटोमॅटिकमध्ये उमेदवाराला मोबदला देऊन काही काळ खरेखुरे काम देण्याची रीत आहे. नवा कारागीर आठवडाभर मागावर बसवून पाहण्यासारखेच हे झाले.

हे सर्व परदेशातच घडते असे समजू नये. पुण्यातील ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीचा अ‍ॅस्ट्रा हा साज दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांवर आहे. तोही फुकट मिळतो आणि त्याचा वरचा भाग विकत. पुण्याचीच आरटीकॅम्प ही कंपनी वर्डप्रेसच्याच कामावर वाढली.

आमच्या वाचकांच्या मुलांना एक फायदा आहे, तो म्हणजे त्यांनी धंदा घरात पाहिलेला असतो. शेरवानीच्या मागणीत कोणती मापे लागतात, चपलेचा जोड परत आला तर काय करावे, घरपोच पैसे देऊ म्हणणारे गिऱ्हाईक खरोखर घेईल की नाही हे आधी कसे पडताळावे, जीएसटीच्या बिलावर काय काय हवे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. अशी एकच अडचण घ्यावी, ती पुरती सोडवावी आणि आधी गल्लीतील दहा दुकानदारांना वापरायला द्यावी. दहांपैकी दोघांनीही दुसऱ्या महिन्यात चालू ठेवली नाही, तर दुसरी अडचण शोधावी.

दोन कामे मात्र सुरुवातीलाच करून घ्यावीत. परदेशातील गिऱ्हाइकाकडून येणारा पैसा हा सेवेची निर्यात ठरतो. जीएसटीची नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी हमीपत्र भरून कर न आकारता बिल करता येते. बँकेकडून पैसे आल्याचा दाखला प्रत्येक वेळी मागून घ्यावा. दुसरे, भागीदारांचा कागद. यादीतील खाते, संकेतस्थळाचे नाव आणि पैसे जमा होणारे खाते कुणाच्या नावावर आहे, एक भागीदार निघून गेला तर ते कुणाकडे जाईल, आणि तोच नुस्खा घेऊन त्याने दुसरे दुकान थाटले तर मूळ नाव कोण वापरील, हे पहिला रुपया येण्याआधी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.