झेरॉक्सवरची काळी रेघ

केजला तहसीलच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, लाडकी बहीण, पोरांचे प्रवेशअर्ज, दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या जोड्यांचे उचलीचे करारनामे, सगळं याच टेबलावरून जातं. कुणाच्या खात्यात किती आहेत, कुणाची फारकत झाली, कुणाच्या पोराची जात पडताळणी अडकली, हे सावकाराच्या आधी आम्हाला कळतं. लोक एवढा भरवसा टाकतात आणि आमच्या धंद्यात तो पाच रुपयांच्या झेरॉक्सइतकाच मोजला जातो. माझ्या घरावर बेतलं म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

एका खरिपात वडिलांच्या शेताचा पीक विमा भरायला घेतला, तर त्या गटावर तेवढ्याच क्षेत्राचा विमा कुणीतरी आधीच उतरवून ठेवलेला. राज्यात 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता. शेतकऱ्याला रुपया, आणि अर्जामागं सेवा केंद्राला विमा कंपनीकडून 40 रुपये. त्यातून आपल्या बीड जिल्ह्यात काय काय झालं ते पेपरात सगळ्यांनी वाचलंय. गायरानावर विमा, देवस्थानाच्या जमिनीवर विमा, सरकारी पडीक जागेवर विमा. शेवटी 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत गेली आणि शेतकरी ओळखपत्र सक्तीचं झालं. ज्याचं पीक खरंच बुडालं होतं, त्यालाही चोरांच्या रांगेत उभं राहावं लागलं, ते वेगळंच.

कृषी कार्यालयात साहेबांनी त्या अर्जाला जोडलेले कागद उघडून दाखवले. आमची जमीन वडिलांनी कुणा अनोळखी माणसाला भाड्यानं कसायला दिल्याचा करारनामा, बाँड पेपरवर. खाली वडिलांचा अंगठा. आमचे वडील सातवी शिकलेले, जन्मभर सही करत आलेले. सोबत त्यांच्या आधारची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सवर वडिलांच्या डाव्या डोळ्यावरून वरपासून खालपर्यंत गेलेली केसाएवढी काळी रेघ.

झेरॉक्सवाल्याला दुसऱ्याचं मशीन ओळखू येतं. ड्रमला चरा पडला की प्रत्येक प्रतीवर त्याच जागी तीच रेघ उमटत राहते, ड्रम बदलेपर्यंत. वडिलांना विचारलं तर म्हणाले, बाजारच्या दिवशी दुसऱ्या गावात एका दुकानात झेरॉक्स काढली होती. त्या दुकानात जाऊन मी माझ्याच आधारची एक प्रत काढायला सांगितली. रेघ तिथंच, त्याच जागी. दुकानदार म्हणाला, "भाऊ, फायलीत ढीगभर झेरॉक्सा पडलेल्या असतात. कोण येतंय, कोण काय उचलून नेतंय, मी कसं सांगू?" तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, आणि भीती वाटते ती त्याचीच. चोरी करायला कुणाला कुलूप तोडावं लागलं नव्हतं. तक्रारीनंतर तो अर्ज रद्द झाला, पण त्यासाठी वडिलांना म्हातारपणी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

सातबारा तर महाभूलेखवर कुणालाही पाहता येतो, तो उघडाच कागद आहे. म्हणून आधारची प्रत, पासबुकाचं पहिलं पान आणि अंगठा एवढंच काय ते माणसाच्या हातात उरतं. हे बीडपुरतं आहे असंही समजू नका. 2024 मध्ये खारघरच्या एका बाई लाडकी बहीणचा अर्ज भरायला गेल्या, तर त्यांच्या आधारवर अर्ज आधीच भरलेला निघाला आणि तपासाचा धागा थेट सातारा जिल्ह्यात पोचला.

डेटाचोरी म्हटलं की लोकांना टोपी घातलेला हॅकर आठवतो. आमच्याकडं ती रद्दीतून होते. वाकडी आलेली, फिकट आलेली, दोनदा निघालेली प्रत टेबलाखालच्या खोक्यात जाते, खोकं रद्दीवाल्याकडं आणि तिथून भेळेच्या गाड्यावर. तुम्हीही कधीतरी कुणाच्या तरी जन्मतारखेवर ठेवलेले शेंगदाणे खाल्ले असतील. कागद कापायचं छोटं मशीन दोन-चार हजारांत येतं. ते घेणं होत नसेल तर संध्याकाळी गल्ला मोजता मोजता प्रती उभ्या-आडव्या फाडाव्यात, त्याला काही लागत नाही.

दुसरी गळती मोबाईलची. गिऱ्हाईक प्रिंटसाठी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर कागद टाकतं. तो फोन घरी जातो, पोरगं त्यावर गेम खेळतं आणि गॅलरीत अख्ख्या तालुक्याची आधार कार्डं. फोटो आपोआप उतरवून घेण्याची सेटिंग बंद करा, मेसेज 24 तासांत पुसले जातील असं लावा, संगणकातलं डाउनलोडचं फोल्डर दुकान बंद करताना रोज रिकामं करा. प्रिंट दिली की गिऱ्हाइकासमोरच फाईल उडवा आणि तसं त्याला सांगा. मी हे करायला लागलो तेव्हा पहिल्यांदा लोक हसले. आता काही जण स्वतःच म्हणतात, "उडवलं का?"

सगळ्यात अवघड मोबाईल नंबरचं. एखादे आबा म्हणतात, "मालक, तुमचाच नंबर टाका, माझ्याकडं कुठं फोन हाय." आपलाही जीव त्यातच सुटतो, ओटीपी लगेच येतो, रांग पुढं सरकते. पण मग त्या माणसाचा प्रत्येक ओटीपी जन्मभर दुकानदाराकडं येत राहतो. दुकानदार सज्जन असला तरी उद्या त्यानं सिमकार्ड बदललं, दुकान विकलं, तर पीएम किसानची केवायसी कोण करणार? मी आता पुण्याला असलेल्या पोराला नाहीतर घरातल्या सुनेला फोन लावतो, ओटीपी त्यांच्याकडून विचारून घेतो. वेळ जातो. काही गिऱ्हाइकं वैतागून शेजारच्या दुकानात जातात, हेही खरं. पासवर्डची वही ठेवणं मात्र मी साफ बंद केलं. पासवर्ड पावतीवर लिहून ज्याचा त्याला द्यायचा.

आधारची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा, "फक्त अमुक कामासाठी" आणि तारीख, अक्षरं फोटोवरून जातील अशी. लॉजवाल्याला, क्लासवाल्याला पूर्ण आकडा कशाला लागतो? मास्क्ड आधारवर शेवटचे चारच आकडे दिसतात, ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट निघतं. मेडिकल आणि कापड दुकानवाल्यांनाही एक सांगणं आहे. बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे 2023 मध्येच कळवलंय.

कायदाही आलाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि धंदेवाल्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मे महिन्यात लागू होणार. माहिती कशासाठी घेता ते आधी सांगा आणि गिऱ्हाइकाला हवं तर मराठीत सांगा, काम झालं की पुसा, माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवा, 18 वर्षांखालच्या पोरांसाठी आई-बापाची संमती घ्या. क्लासवाल्यांनी हे शेवटचं नीट वाचावं. दंड 250 कोटींपर्यंत. हा आकडा ऐकून आमच्या रस्त्यावर हशा पिकतो. पण गंमत अशी, की हा कायदा संगणकात असलेल्या नाहीतर संगणकात चढवलेल्या माहितीपुरता आहे. टेबलाखालच्या खोक्यातल्या कागदाला तो हातही लावत नाही. ते खोकं सर्वस्वी आपल्या जबाबदारीवर आहे.

आणि तोंड. त्यावर कुठलाही नियम निघणार नाही. कुणाचं कर्ज थकलं, कुणी कोर्टाचे कागद काढले, हे चहाच्या टपरीवर बोलणारा दुकानदार संगणकाला कितीही कुलपं लावो, उपयोग शून्य. या जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये घामाचा पैसा अडकलेली माणसं घरोघरी आहेत. ती आता कुणावर पटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

एवढं करूनही फसवणुकीत खात्यातले पैसे गेलेच तर थांबू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन करा. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर अधूनमधून बघत जा. आणि पुढच्या वेळी झेरॉक्स काढाल तेव्हा काचेवरची मूळ प्रत उचला, वाया गेलेली प्रतही मागून घ्या. दुकानदार चिडला तर खुशाल दुसरं दुकान गाठा.