न सुटणारा ब्रेक

ब्रेक बिघडले म्हणजे गाडी थांबत नाही, अशीच आपली समजूत असते. माझी गाडी थांबायची व्यवस्थित, सुटायची नाही.

कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटातून आमचं नेहमीचं जाणं-येणं. घाट उतरून पोफळीला चहाला थांबलं की पुढच्या डाव्या चाकापाशी जळका वास यायचा. घाटात ब्रेक तापायचेच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढे सपाट रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढू लागली आणि पेट्रोलही जास्त पिऊ लागली. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, पॅड संपलेत." ते खरंच संपले होते. नवे घातले, काही आठवडे बरे गेले, पुन्हा तेच. मग व्हील अलाइनमेंट झाली, डिस्क लेथवर घासून झाली. डावीकडचे नवे पॅड उजवीकडच्यांपेक्षा कितीतरी जास्त झिजलेले समोर दिसत होते, पण एकाच चाकाचे पॅड का झिजतात, हे कुणी विचारलं नाही. प्रत्येक वेळी बिल मात्र झालं.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी विचारलं, "ओढते ती ब्रेक दाबल्यावर, की सोडल्यावर?" मी सांगितलं, दाबताना क्षणभर उजवीकडे जाते आणि सोडल्यावर डावीकडे. त्यांनी जॅक लावला, मला ब्रेक दाबून सोडायला सांगितला आणि चाक हातानं फिरवून पाहिलं. जाम. मग कॅलिपरचा निपल जरासा सैल केला. ब्रेक ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं.

दोष होता चाकाकडे जाणाऱ्या रबरी होज पाइपमध्ये. बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसत होता. आतून फुगून त्याचं भोक जवळजवळ बुजलं होतं. पाय दाबतो तेव्हा ऑइलला मोठा दाब मिळतो, ते कसंबसं पलीकडे घुसतं, म्हणून डावा ब्रेक जरा उशिरा लागायचा. परत येताना मात्र त्याच्यामागे जोर नसतो. कॅलिपरच्या पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीची रबरी सील किंचित पिळली जाते आणि सरळ होताना त्याला केसभर मागे घेते, इतकंच. त्या बारीक भोकातून ऑइल ढकलणं तिच्या आवाक्याबाहेरचं. निपल उघडूनही चाक जामच राहिलं असतं, तर दोष ऑइलच्या दाबाचा नसून गंजलेल्या पिस्टनचा किंवा कॅलिपरच्या अडकलेल्या पिनांचा ठरला असता. पिनांना रबराला चालणारं खास ग्रीस लागतं. साध्या ग्रीसनं त्यांची रबरं फुगतात. होज मात्र दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एक म्हातारा झाला तर दुसराही त्याच वयाचा असतो.

तेव्हापासून माझं मत झालंय की गॅरेजमध्ये "ब्रेक नीट लागत नाहीत" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे. पेडल काय करतं, ते सांगावं. पेडल स्पंजसारखं लागत असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. पाय तसाच दाबून धरला असता ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या सील गेल्या. ब्रेक लावताना पेडल आणि स्टेअरिंग थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. मात्र निसरड्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली होणारी खडखड एबीएसची असते, तिला घाबरून पाय काढू नये. चिरका आवाज पॅड संपत आल्याचा असू शकतो. पण लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली, तर गाडी पुढे नेऊच नये.

पेडल दगडासारखं कडक लागतंय? इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावं, शेवटी दाबून धरावं आणि गाडी सुरू करावी. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे शहाणे अजून भेटतात. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पुढे सगळं पायाच्या ताकदीवर.

घाटात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पेडल घट्ट आहे, वास येतोय, पण गाडी आवरत नाही, याचा अर्थ पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडलच मऊ होऊन तळाला जातंय, तर ऑइल उकळून त्याची वाफ झालीय, आणि वाफ दाबली जाते. दोन्हीत खालचा गिअर टाकावा; पेडल तळाला जात असेल तर भराभर पंप करावं, हँडब्रेक हळूहळू ओढावा. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, तिला तडा जाऊ शकतो.

चिकटणारं चाक घरीही ओळखता येतं. सपाट रस्त्यावर कमीत कमी ब्रेक वापरत थोडं फिरून यावं आणि चारही चाकांजवळ तळवा न्यावा, डिस्कला न लावता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, तर तेच दाखवावं.

ब्रेक ऑइलची पातळी उतरली की वरून भरून मोकळं होण्याची पद्धत आहे. पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो आणि पातळी थोडी उतरतेच; म्हणून आधी पॅड बघावेत, मग गळती. ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या कोकणात ओलीला काय तोटा! नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर हीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलं असेल तेव्हा, ते पूर्ण बदलून घ्यावं. बदलताना बाटली आपल्यासमोर सील तोडून उघडायला सांगावी. फळीवरची अर्धी उरलेली बाटली कुणी घ्यायला लागलं तर सरळ नको म्हणावं.