शिसे काढणारे औषध आणि अंगावरचे फोड

शिसे आपल्या ओळखीचे आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीत जड, काळपट पट्ट्या असतात, त्या शिशाच्या. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारे लोक असतात. चांदीच्या भट्टीवर शिसे असते. काही रंगांतही असते. कराडच्या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातले बॅटरी कामगार, चांदीचे कारागीर आणि रंगाचा फवारा मारणारे यांचे रक्त तपासले. २००६ च्या सुमारास ते छापून आले. या लोकांच्या रक्तात शिसे बरेच जास्त निघाले.

शिसे धुरातून, धुळीतून अंगात जाते. पोटात कळा येतात. शौचास साफ होत नाही. रक्त कमी होते. मनगट लुळे पडते. लहान मुलांच्या तर बुद्धीवर परिणाम होतो.

शिसे फार वाढले, तर डॉक्टर ते बाहेर काढण्याचे औषध देतात. हे औषध काय करते? ओढ्यातला खेकडा आठवा. त्याने नांगीत धरले की सोडत नाही. औषध तसेच शिशाला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते. या उपचाराला इंग्रजीत ‘चिलेशन’ म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतल्या नांगीच्या शब्दावरूनच आला.

औषध चांगले आहे. पण काही जणांच्या अंगावर ते उठते. हे आम्हाला आज सांगायचे आहे.

यातले एक जुने औषध कातडी वाचवण्यासाठीच निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात सोमलाच्या विषारी वायूची धास्ती होती. त्या वायूने अंगावर फोड येत. त्यावर उतारा म्हणून ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी हे औषध शोधले. त्याची सुई शेंगदाण्याच्या तेलात केलेली असते. आपल्या सोलापूरकडे शेंगाचटणीवाचून भाकरी उतरत नाही. पण क्वचित कोणाला शेंगदाणा सोसत नाही. त्याने ते आधीच सांगावे.

दुसरे औषध पेनिसिलामाइन. अंगात तांबे साठण्याचा एक आजार आहे. त्या आजारासाठी वॉल्श नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९५६ साली हे औषध पुढे आणले. पुढे ते शिशासाठीही वापरले गेले. पूर्वी कधी पेनिसिलीनची सुई अंगावर उठली असेल, तर तेही डॉक्टरला सांगावे. या औषधाने पहिल्या काही आठवड्यांत खाज सुटते, पुरळ उठते, कधी तापही येतो. काहींना मात्र सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा अंगावर व तोंडात फोड येतात. तोवर माणूस म्हणतो, औषध तर मला मानवले! म्हणून हे फोड औषधाचे आहेत, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. गोळीच्या रूपात देतात त्या सक्सिमर या औषधानेही पुरळ येऊ शकते.

साधे पुरळ असेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. पुढची गोळी घ्यायची की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या. कधी ते औषध थांबवतात, कधी थोड्या मात्रेने पुन्हा सुरू करतात, कधी बदलून देतात. लोक काय करतात? कोणी गुपचूप मलम चोळतो. कोणी गावठी लेप लावतो आणि गोळ्या चालूच ठेवतो. कोणी न सांगता औषध टाकून देतो. तिन्ही वाईट.

पण तोंडात फोड आले, डोळे लाल होऊन चुरचुरले, कातडी दुखू लागली किंवा भाजल्यासारखी सुटू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. पुढची गोळी घेऊ नका. १०८ ला फोन करा. आपल्या वळसंगाहून सोलापूरचे सिव्हिल गाठा. असा प्रकार विरळा, पण त्यात जीव जाऊ शकतो. तेच औषध पुन्हा घरी सुरू करायचे नाही.

आणखी एक. शिशाचे काम चालूच आणि वर औषध, असे करू नये. एका हाताने घागर उपसायची आणि दुसऱ्या हाताने भरायची, त्यातला प्रकार. आधी काम थांबवावे. कामाचे कपडे घरात आणू नयेत, त्यांची धूळ मुलांच्या पोटात जाते.

आता तुम्हाला लिहिता येते. औषध सुरू केले, त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. औषधाची पट्टी जपून ठेवा आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्या. अंगावर उठलेच, तर औषधाचे नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून केसपेपरला लावा. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असेल, तो ते वाचेल: ‘पेनिसिलामाइनने फोड आले होते.’