सॉरी म्हटलं ना!

आईबाबांनो, परवा तारोडी गावात एका ओळखीच्या घरी ओट्यावर बसले होते. आजी सुपात सुकट निवडत होत्या. सहा-सात वर्षांचा नातू धावत आला, सुपाला पाय लागला, सुकट अंगणभर झाली. "सॉरी!" म्हणत तो पळालासुद्धा. आजी वाकून वेचू लागल्या. आतून आई ओरडली, "अरे, आजीला सॉरी म्हण!" कुंपणापलीकडून उत्तर आलं, "म्हटलं ना!"

खरंच म्हटलं होतं त्याने. पण त्या शब्दाचा अर्थ आपण त्याला कधी दिला?

'सॉरी' जुन्या इंग्रजीतल्या 'सारिग' या शब्दातून आला आणि 'सारिग' आला 'सार'वरून. सार म्हणजे दुखणं, वेदना. घसा 'सोअर' झाला म्हणतो ना, तोही त्याचाच भाऊ. ('सॉरो' मात्र दिसायला जवळचा असला तरी वेगळ्या मुळाचा.) म्हणजे मुळात सॉरी म्हणजे 'मला आत दुखतंय'. म्हणूनच इंग्रज माणूस मयताच्या घरी 'सॉरी' म्हणतो, कशाची दैना झाली तर 'सॉरी स्टेट' म्हणतो. नीट ऐकू आलं नाही तरी 'सॉरी?' विचारतो. आपल्या घरांत मात्र यातला माफीचा वापर तेवढा आला. माझ्या माहितीतल्या एका मुलीचे आजोबा गेले, तेव्हा वर्गातल्या बाई तिला 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणाल्या. तिने घरी येऊन विचारलं, "बाईंनी आजोबांना काय केलं होतं?"

परक्या शब्दांशी माझं वैर नाही. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, पोर्तुगीज तिथल्या किनाऱ्यावरून गेले, पण त्यांचे पाव, चावी, बादली आपल्या घरात राहिले. आपलं 'माफ'सुद्धा मूळचं अरबी. पण चावी म्हणताना हातात चावी असते. पोरं 'सॉरी' म्हणतात तेव्हा हात रिकामे असतात.

त्या दिवशी तारोडीत त्या नातवाची आई बाहेर आली. रागावली नाही. त्याला हाताला धरून आणलं आणि आजीशेजारी बसवलं, "वेच." दहा मिनिटं तो वाळूतून सुकट वेगळी करत होता. मग मान वर न करताच म्हणाला, "आजी, तुझी कंबर दुखली का गं?"

'सॉरी म्हण' हा हुकूम आपण थोडे दिवस बंद करूया. सांडलेलं आधी मुलाला भरायला लावा, समोरच्याला काय झालं ते त्यालाच विचारायला लावा. शब्द मग इंग्रजी येवो, नाहीतर 'चुकलो गं' येवो. आणि उगाच त्याच्यावर ओरडला असाल, तर आज रात्री झोपण्याआधी त्याच्याजवळ बसून तुम्हीही तसं म्हणा.