गाडी भाड्याने द्यायचा धंदा: चोर भिंतीवरून येत नाही, ग्राहक बनून येतो!

व्हिडिओत आकडे पटपट निघून जातात, म्हणून इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात झरीच्या माझ्या दुकानात एक तरुण आला. म्हणाला, "सर, जुनी ऑडी आठ लाखात मिळतेय. लग्नसराईत नवरदेवाला भाड्यानं देतो, बाकी दिवस सेल्फ ड्राइव्ह. दोन लाखांसाठी आई पाटल्या मोडायला तयार आहे." मी म्हणलं, "बस, चहा घे. आधी गणित मांडू."

१. गणित (उदाहरणापुरतं)
कर्ज ६ लाख, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता साधारण १३,३४७ रुपये, म्हणजे वर्षाला १,६०,१६४.
विमा आणि टॅक्स ६०,०००. सर्व्हिसिंग आणि टायर ७०,०००.
एकूण खर्च २,९०,१६४.
वर्षात २० लग्नं, प्रत्येकी १५,००० म्हणजे जमा ३ लाख.
हातात उरले ९,८३६! त्यातून ड्रायव्हर आणि डिझेल अजून जायचंय. म्हणून तर सेल्फ ड्राइव्हचा मोह होतो. आणि धोका तिथेच सुरू होतो.

२. चोराला कोणती गाडी आवडते?
आपल्याला वाटतं, भारी गाडी म्हणजे जास्त चोरी. तसं नाही. चोर बघतो, लवकर खपेल काय. स्विफ्ट, वॅगन-आर यांसारख्या गाड्या रस्त्यावर भरपूर, सुटे भाग सगळीकडे खपतात, गर्दीत ओळखूही येत नाहीत. लाल स्पोर्ट्स कार परभणी-जिंतूर रस्त्याने गेली तर पानटपरीवरचा माणूससुद्धा सांगेल कुठं गेली ते! अमेरिकेत २०२२-२३ च्या सुमारास किया आणि ह्युंदाईच्या साध्या गाड्या धडाधड चोरीला गेल्या. कारण एकच, बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरच नव्हता. म्हणजे किंमत नाही, सोय बघून चोरी होते.

३. भाड्याच्या धंद्यातला चोर
इथे कुलूप तोडावं लागत नाही, चावी आपणच देतो. "महिन्याला ठरलेलं भाडं देतो" म्हणून गाडी न्यायची, एक-दोन महिने पैसे वेळेवर द्यायचे, मग गाडी परस्पर गहाण ठेवून फोन बंद. आणि इथे मोठी मेख आहे. आपण स्वतः चावी दिली, तर तो गुन्हा बहुतेक वेळा चोरी (भारतीय न्याय संहिता कलम ३०३) न धरता विश्वासघात (कलम ३१६) धरला जातो. विमा चोरीचा असतो, त्यामुळे कंपनी क्लेम अडवू शकते. गाडी गेली, हप्ता मात्र चालूच!

४. नंबर प्लेट बघा
पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे. अपघात झाला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. सेल्फ ड्राइव्हच्या गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं लागतात, गोव्यात बघितली असतील. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत तर मुळात किमान ५० गाड्यांची अट होती. आजचे नियम परभणीच्या आरटीओत (एमएच-२२) समक्ष विचारा. गाडीचं छत कापून 'ओपन कार' करणंही परवानगीशिवाय चालत नाही.

५. मग करायचं काय?
- सुरुवात ड्रायव्हरसह करा. पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट, चावी आपल्याच माणसाकडे.
- जीपीएस बसवाच, पण नजरेला पडेल तिथे नको.
- दोन्ही चाव्या जपा. चोरीच्या क्लेमला विमा कंपनी दोन्ही मागते.
- लेखी करार करा. मूळ लायसन्स स्वतः तपासा. ओळखीचा असला तरी!
- गाडी वेळेवर आली नाही तर "येईल उद्या" म्हणत बसू नका. त्याच दिवशी पोलीस आणि विमा कंपनी, दोघांना लेखी कळवा.

त्या पोराला शेवटी एवढंच सांगितलं, "पहिल्या सीझनला दुसऱ्याच्या परमिटच्या गाड्या कमिशनवर लाव. २० लग्नं मिळाली तर गाडीचा विचार कर." पाटल्या अजून घरातच आहेत.

गृहपाठ: वरचं गणित तुमच्या गावच्या भाड्याने मांडा. उत्तर वजा आलं, तर गाडी नको. धंदा दुसराही असतो, आईच्या पाटल्या एकदाच मोडता येतात.