खेकडा गळाला लावताना



मागील अंकात वाडीतल्या मासेमारीबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर काही वाचकांनी विचारले, "खेकडा विकायचा सोडून गळाला कशाला लावतात?" प्रश्न रास्त आहे, म्हणून या वेळी तेवढेच लिहिते.

आमच्या कामाच्या काही वाड्या पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या बाजूला आहेत. तिथले कातकरी बांधव बिळातली चिंबोरी आकडीने ओढून काढण्यात तरबेज. मोठी चिंबोरी बाजारात जाते. ती गळाला लावणे म्हणजे नोट पेटवून चहा करणे. तिचे पिल्लूही लावायचे नाही, कारण तेच वाढून पुढे पैसे देणार. गळासाठी घ्यायचे ते तिवरांच्या मुळांशी पळणारे दोन-तीन बोटे रुंदीचे खेकडे, ज्यांना गिऱ्हाईकच नाही. पोटाखाली अंडी धरलेली मादी मात्र सोडून द्यायची. उलटा करून पाहिले की कळते: पोटावरची झाकणी नराची निमुळती, मादीची रुंद आणि गोलसर.

कोळंबीचे आमिष लहान मासे कुरतडून क्षणात संपवतात. खेकड्याचे कवच त्यांना फुटत नाही. ते फोडणारा जबडा तांबोशीचा, गोबऱ्याचा, पालूचा. म्हणजे बाजारात ज्यांना भाव आहे, नेमके तेच मासे.

हे सगळे मला वाडीतल्या एका काकांनी शिकवले. मत्तयाच्या 17व्या अध्यायात प्रभू पेत्राला गळ टाकायला सांगतो, पण गळाला काय लावायचे ते तिथे लिहिलेले नाही. डिप्लोमाच्या वर्गातही कोणी विचारले नव्हते!

पहिली गोष्ट, खेकडे जिवंत ठेवणे. मी पहिल्या दिवशी ते पाणी भरलेल्या बादलीत ठेवले. दुपारपर्यंत निम्मे मेले. साठलेल्या पाण्यातली हवा ते लवकर संपवतात. काका ओल्या गोणपाटात तिवराच्या पाल्याबरोबर ठेवतात आणि गोणपाट सावलीत टांगतात. तसे ते दुसऱ्या दिवसापर्यंत तरतरीत राहतात.

मग तयारी. आधी दोन्ही नांग्या काढायच्या. उपटायच्या नाहीत, नांगी चिमटीत घट्ट दाबली तर बऱ्याचदा खेकडा ती स्वतःच टाकतो. लहान खेकडा अख्खाच लावायचा. गळ पाठीच्या कवचातून घुसवला तर कवच तडकते आणि पाण्यात फेकताना खेकडा एकीकडे, गळ दुसरीकडे. म्हणून शेवटच्या पायाच्या सांध्यातून गळ आत घालायचा, तिथे मऊ असते, आणि कवचाच्या मागच्या कोपऱ्याजवळून बाहेर काढायचा. टोक पूर्ण उघडे राहिले पाहिजे. खेकडा जरा मोठा असेल तर पाठीचे कवच आणि आतले कल्ले काढून मधोमध दोन तुकडे करायचे, पाय तसेच ठेवायचे, आणि एका पायाच्या सांध्यातून घातलेला गळ शेजारच्या सांध्यातून काढायचा. नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा मिळाला तर काका खूश होतात. मासे त्यावर तुटून पडतात, पण तो गळावर टिकत नाही. त्याला शिवणाच्या दोऱ्याचे चार वेढे द्यावे लागतात.

माझी चूक टोकाची झाली. खेकडा घट्ट बसावा म्हणून मी गळाचे टोक आतच रुतवले. तीनदा दोरी ओढली गेली, तीनदा मी झटका दिला, तीनदा चुरडलेला खेकडा वर आला. बारा खेकडे संपले. ते काकांच्या सुनेने पहाटे चिखलात गुडघाभर उतरून धरले होते, हे मला नंतर कळले. काका एवढेच म्हणाले, "ताई, मासा खेकडा फोडतो, मग गिळतो. तू फोडतानाच ओढलंस."

तेव्हापासून मी पहिला हिसका सोडून देते. दोरी सरळ पुढे जायला लागली की मगच ओढायचे.

वजनासाठी काका शिसे वापरत नाहीत, गोटा वापरतात. मुख्य दोरी तंगुसाची. गोटा मात्र कच्च्या सुती दोऱ्याने बांधलेला. तो खडकात अडकला तर सुती दोरा तुटतो, गोटा जातो, गळ आणि मासा परत येतात. एका हितचिंतकांनी प्रेमाने पाठवलेले रंगीत रबरी मासे अजून खुंटीला आहेत. त्यांच्याबद्दल आभार, पण या गढूळ पाण्यात वास असलेले आमिषच चालते.

भरती सुरू होऊन पाणी तिवरांत शिरू लागते ती वेळ उत्तम. उधाणाला ओढ फार, तेव्हा गोटा मोठा लागतो. कधी शिंगाळाही लागतो. त्याचे काटे हाताला लागू देऊ नयेत. लागलेच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, ठणका कमी होतो, आणि मग दवाखाना गाठावा.

वाचकहो, दिवाळीनंतर या वाड्या रिकाम्या होतात. वीटभट्टीची उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मुलेही आईबापांबरोबर भट्टीवर. काकांच्या मुलाने यंदा उचल घेतलेली नाही. गळावर घर चालेल का, हे त्यालाही ठाऊक नाही. बायको रोज विचारते. त्याची धाकटी मुलगी तिसरीत आहे.

त्याने माझ्याकडे पैसे मागितले नाहीत. बर्फ ठेवायला झाकणाची एक पेटी मागितली आहे. रात्रीच्या भरतीला लागलेली तांबोशी सकाळी पेणच्या बाजारात ताजी पोचायला हवी.