एलीयाचा झगा
गतकालीन सत्पुरुषांपैकी कोणास परत बोलवावे?

शास्त्रपाठ : २ राजे २:१–१८, १ शमुवेल २८:३–२०, लूक १६:१९–३१, प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२.



शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील आपल्या मंडळ्यांत एक प्रश्न निरनिराळ्या रूपांनी निघत असतो. मंडळीत तंटा पडला, वर्गणी थकली, तरुण माणसे पुण्याकडे कामास गेली व रविवारी मंदिर अर्धे रिकामे राहिले, की कोणी वडीलधारे मनुष्य सुस्कारा टाकून म्हणते, “आज ते असते तर!” ‘ते’ म्हणजे कोण, हे गावागणिक बदलते. घोडनदीकाठच्या शिरुरास नगरची वाट जवळ, म्हणून तेथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव निघते. भीमाकाठच्या दौंडास केडगाव जवळ, म्हणून तेथे पंडिता रमाबाईंचे. समजा, होऊन गेलेल्यांपैकी एकास परत मागून घेण्याची मुभा देवाने आपणांस दिली, तर आपण कोणास मागावे? हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा दिसतो. परंतु पवित्र शास्त्र हाती घेऊन विचार केला असता तो आपले अंतःकरण उघडे करतो. म्हणून आजच्या पाठासाठी आम्ही तो घेतला आहे.

१. तीन दिवसांचा व्यर्थ शोध

एलीया संदेष्टा वर घेतला गेला, तेव्हा त्याचा झगा खाली पडला. अलीशाने तो उचलला, यार्देनेच्या पाण्यावर मारला, व एलीयाच्या देवाचा धावा केला; तेव्हा पाणी दुभागले. ही गोष्ट आपल्या मुलांसही ठाऊक आहे. परंतु तिच्यापुढील गोष्ट आपण सहसा वाचीत नाही. यरीहो येथील संदेष्ट्यांच्या शिष्यांस चैन पडेना. त्यांनी पन्नास बळकट माणसे निवडली व एलीया कोठे डोंगरावर किंवा खोऱ्यात सापडतो की काय, हे पाहण्याकरिता पाठविण्याची परवानगी मागितली. अलीशा नको म्हणाला. त्यांनी त्यास भीड पडेपर्यंत आग्रह केला. मग ती माणसे तीन दिवस शोधीत फिरली व रिकाम्या हातांनी परतली.

त्या पन्नास माणसांस आम्ही वाईट म्हणत नाही. त्यांचे एलीयावर प्रेम होते. तथापि ज्या नदीकाठी झगा पडला व पाणी दुभागले, तेथेच त्यांच्या डोळ्यांदेखत देव काम करीत होता. आणि त्यांची नजर मात्र मागे, डोंगराकडे लागली होती. अलीशानेही गुरूसाठी शोक केला, आपली वस्त्रे फाडली. पण त्याने ‘एलीया कोठे आहे?’ असे विचारले नाही. एलीयाचा देव कोठे आहे, असे विचारले. या दोन प्रश्नांतील भेद नीट समजला, तर आजचा पाठ समजला.

२. मेलेला परत आला तरी नवे काय सांगणार?

शौल राजा संकटात सापडला, तेव्हा शमुवेल मरून गेला होता. शौलाने एन-दोर येथील भूतविद्याप्रवीण स्त्रीकडून त्यास वर बोलावले. मृतांस असे बोलावणे देवाच्या नियमशास्त्राने मना केले आहे, हे आमच्या वाचकांनी कधीही विसरू नये; अंगात आणणे व कौल लावणे हे प्रकार ज्या गावांत अजून चालतात, तेथील ख्रिस्ती घरांनी तर मुळीच विसरू नये. परंतु येथे आणखी एक गोष्ट पाहावी. शमुवेलाने शौलास कोणता सल्ला दिला? काहीच नवा नाही. जिवंतपणी जे सांगितले होते, तेच त्याने पुन्हा सांगितले. त्या वेळी ऐकले असते, तर आता बोलावण्याची गरज पडली नसती.

आपल्या प्रभूने श्रीमंत मनुष्य व लाजर यांच्या दाखल्यात हेच शिकविले आहे. श्रीमंताची विनंती अशी की, लाजराने आपल्या पाच भावांकडे जाऊन त्यांस सावध करावे. अब्राहामाचे उत्तर असे की, त्यांच्यापाशी मोशे व संदेष्टे आहेत. त्यांचे जर ते ऐकत नाहीत, तर मेलेला उठून गेला तरी त्यांची खातरी होणार नाही. म्हणजे अडचण मृतांच्या अबोलपणात नाही; ती जिवंतांच्या कानांत आहे.

३. रमाबाई परत आल्या तर?

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. कोवळ्या वयात दुष्काळाने त्यांचे आईबाप व थोरली बहीण नेली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नास दोन वर्षेही झाली नाहीत तोच १८८२ साली पती गेले. स्वतः उपास काढलेली व वैधव्य भोगलेली ही स्त्री १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व उपासमारीने खंगलेल्या, दुष्टांच्या हाती पडू पाहणाऱ्या शेकडो मुली व बाया घेऊन आल्या. दौंड तालुक्यातील केडगावच्या उघड्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. विहिरी खणल्या गेल्या, फळझाडे लागली, माग व छापखाना चालू झाला. १९०० सालच्या सुमारास तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

अशा बाईस परत मागावेसे कोणास वाटणार नाही? परंतु आम्ही विचारतो, त्या खरोखर आल्या तर आपणांस सोसवतील काय? जिवंतपणी त्या किती जणांस सोसल्या? १८९३ साली पुण्यातील नामांकित सुधारकांनी त्यांच्या सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. विलायतेत ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांस शिकविले, त्यांच्याशीही धर्ममतांविषयी त्यांचे वाद झाले. कारण आपल्या विवेकबुद्धीवर त्यांनी कोणाचेही जू घेतले नाही. मेलेल्या संतास हार घालणे सोपे असते, कारण तो उलट प्रश्न विचारीत नाही. संदेष्ट्यांच्या कबरी बांधणाऱ्यांविषयी प्रभूने काय म्हटले, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात वाचावे.

रमाबाई आज केडगावच्या स्थानकावर उतरल्या, तर आपला फोटो कोठे लावला आहे हे पाहण्यास त्या येणार नाहीत. आमची अशी समजूत आहे की, त्या प्रथम उसाच्या फडाकडे वळतील. बाहेरच्या जिल्ह्यांतून तोडणीला आलेल्या कुटुंबांच्या कोपी तेथे असतात. त्यांतील कोणत्या मुलीची शाळा सुटली, कोणत्या मुलीचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच उरकले, हे त्या विचारतील. मग आपल्या घरी येऊन विचारतील की, या वर्षी तुमच्या मंडळीत विधवा झालेली सून कोठे आहे? तिला शेतात वाटा मिळाला काय? लग्नाच्या मांडवात ती पुढे बसते की स्वयंपाकाच्या मागे? वाचकहो, हे प्रश्न विचारण्यास मेलेल्या माणसाने उठून येण्याची गरज नाही. ते आपणांस आताच ठाऊक आहेत.

४. टबीथा कोणाकरिता उठली?

येथे कोणी म्हणेल, देवाने काही मृतांस खरोखर उठविले, त्याचे काय? होय, उठविले. यापो येथील टबीथेची गोष्ट पाहावी. ती वारली, तेव्हा पेत्राभोवती कोण उभे राहिले? विधवा. त्यांनी तिची थोरवी शब्दांनी सांगितली नाही. तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे रडत रडत दाखविली. पेत्राने सर्वांस बाहेर काढून, गुडघे टेकून प्रार्थना केली. व ती उठल्यावर पवित्र जनांस व विधवांस बोलावून तिला त्यांच्यापुढे जिवंत उभे केले.

यावरून दोन गोष्टी शिकाव्या. टबीथा परत दिली गेली ती मंडळीची शोभा वाढविण्याकरिता नव्हे; जिच्या हाताच्या शिवणीवर गरिबांची अंगे झाकत होती, ती गरिबांस परत दिली गेली. दुसरी गोष्ट अशी की, ती पुढे केव्हा तरी पुन्हा मरण पावलीच असेल, आणि त्या वेळी सुईदोरा दुसऱ्या कोणी तरी उचलावाच लागला असेल. सदासर्वकाळासाठी मरणातून उठलेला एकच आहे, तो आपला प्रभु येशू ख्रिस्त. तो जिवंत असताना आपण मृतांची वाट पाहत बसावे, हे ख्रिस्ती माणसास शोभत नाही.

५. झगा कोणी उचलला?

टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले. थोडेच अध्याय झाले होते. ते पुरे करण्यास टिळक परत आले नाहीत. लग्नानंतर नवऱ्यापाशी अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली व साठांहून अधिक अध्याय रचून ते काव्य पूर्ण केले.

रमाबाईंचे काम त्यांची कन्या मनोरमा हिच्याकडे जावयाचे होते. पण ती २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधीच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. साध्या बायामाणसांस समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालविले होते; ते त्यांनी हयातीत पुरे केले, आणि सबंध ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. आई नाही, मुलगी नाही. आता मुक्ती मोडणार, असे म्हणण्यास जागा होती. परंतु शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी केडगावी निराधार बाया व मुले यांस आसरा आहे.

आणखी एक उदाहरण मंडळीबाहेरचे आहे, पण ते आपणांस लाजविण्याजोगे आहे. रमाबाईंच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली, त्याच २०२२ सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामसभेने ठराव केला की, पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या चाली आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसेच करावे म्हणून परिपत्रक काढले. हेरवाडात कोणी थोर पुरुष थडग्यातून उठून आला नव्हता. गावची साधी माणसे एकत्र बसली व त्यांनी ठरविले.

तर मग आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर हे : आपण कोणासही परत मागू नये. रमाबाई व टिळक आपली धाव संपवून विसाव्यास गेले आहेत. त्यांस विसावा घेऊ द्यावा. ज्या देवाने त्यांस चालविले, त्यास हाक मारावी, आणि पायाशी पडलेला झगा उचलावा. तो आपल्या मापाचा नाही, असे वाटेल. अलीशालाही तसेच वाटले असेल. म्हणूनच त्याने गुरूच्या आत्म्याचा दुप्पट वाटा मागितला.

उपदेशकांनी व बायबलबाईंनी मंडळीत विचारण्याचे प्रश्न

१. अलीशा नको म्हणत असताही संदेष्ट्यांच्या शिष्यांनी एलीयाचा शोध का चालविला?
२. शौलास शमुवेलाने नवे काही सांगितले काय? आपण कोणते जुने वचन ऐकून सोडून दिले आहे?
३. आपण मेल्यावर आपल्या प्रेताजवळ कोण उभे राहील, व हातात काय घेऊन दाखवील?
४. आपल्या गावात एकट्या पडलेल्या बाया किती आहेत? त्यांची नावे सांगा. येत्या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून सभा बरखास्त करू नये, अशी आमची विनंती आहे.